खुंटीवरचा पट्टा

३ जुलै, वणी
आज रुग्णसेवा ब्युरोत मी दिलेलं पहिलं प्रशिक्षण. घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या चौदा बाया, शेवटच्या रांगेत आई. कमरेला पट्टा बांधून पेशंटला कसं उठवायचं ते तीनदा दाखवलं. पेशंटला गळ्यात हात घालू देऊ नका, तुमचा मणका जाईल, हेही. येताना आई म्हणे, "मॅडम, घरी तरी आमाले बोलू द्यान का?" हजेरीपत्रकाखाली माझी सही. घरातली पहिली बी.ए.

१९ जुलै
तपासणीला आईच्याच ड्युटीवर. तिच्या पेशंट आजींना अर्धांगवायू, अंग भारी. पट्टा खुंटीला, त्यावर टॉवेल वाळत. विचारलं तर आजीच म्हणाल्या, "मले का बैल समजता, दावं बांधायले?" त्यांची सून म्हणाली, "तुमची आई उचलते ना बरोबर." बाहेर आईवर चिडले. ती म्हणे, "म्हातारी रडते वं. तू येत जाय रोज, समजाव."
खरं लिहिलं तर आईची ड्युटी जाणार. फॉर्मवर 'पट्टा वापरतात : होय'. सही.

२ ऑगस्ट
आई पडली. आजींना खुर्चीवर बसवताना, त्यांचे दोन्ही हात तिच्या गळ्यात. ओली फरशी. आजींना तिनं अंगावर झेललं, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. आईचा उजवा पाय बधिर. मणक्यातली गादी सरकली. डॉक्टर यवतमाळला न्या म्हणतात.

६ ऑगस्ट
ब्युरोचे सर : "प्रशिक्षण तुम्हीच दिलं. पट्टा वापरतात असा रिपोर्टही तुमचाच. मग त्या दिवशी नियम कोणी मोडला?" दोन्ही कागद टेबलावर, दोन्हींवर माझी सही. आता जबाबावर तिसरी हवी : पट्टा असून बाईनं वापरला नाही. म्हणजे ब्युरो खर्च देणार नाही, उपचार आमचे आम्ही बघायचे. सही नाही केली तर माझी नोकरी...

८ ऑगस्ट
आई म्हणे, "करून टाक सही. माह्यं कंबरडं तं गेलं, तुही नोकरी काहून घालवतं?"
म्हटलं, खरं लिहून देते, माझ्या खोट्या फॉर्मसकट.
"मंग बसू दोघीजणी घरी."
मग, "आजीले आता कोण उठवते वं?"


११ ऑगस्ट
आजींकडे नवी बाई. वंदना, झरीकडची. काम समजावून द्यायला ब्युरोनं मलाच पाठवलं. पट्टा खुंटीलाच. वंदनानं हळूच विचारलं, "मॅडम, लावू देतेत का हा?"
मी बोलायच्या आत आजींनी दोन्ही हात वर केले, वंदनाच्या गळ्यात घालायला.
मी पट्टा काढून वंदनाच्या हातात दिला. आजी रडायला लागल्या. सून दारात येऊन उभी राहिली.
तपासणीचा फॉर्म पिशवीत आहे. जबाबही. दोन्हींवर माझी सही अजून नाही.