काळजी लिहा, माणूस नको

सोमवार, ४
नेमणूक पक्की झाली. सकाळी मॅनेजरबाईंनी स्वतः सांगितलं. काम म्हणजे लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घ्यायचे, धीर द्यायचा, दुरुस्तीवाला पाठवायचा. नवं गाव, दुसऱ्या मजल्यावरचं घर, उजेड भरपूर. बायकोच्या माघारी आम्ही दोघंच, मी आणि आठ वर्षांची लेक चिमणी. ती शाळेतून माझ्याआधी घरी येणार, म्हणून लाल दोऱ्यात किल्ली ओवून तिच्या गळ्यात घातली. म्हणाली, आता मालकीण मी, बाबा, तू बेल वाजवून यायचं.

गुरुवार, ७
दिवसाला साठ फोन, आणि प्रत्येक जण कानात ओरडतो. घरी आलो तरी छातीत धडधड. जेवणाच्या सुट्टीत कंपनीत ध्यानाचा वर्ग असतो. तिथल्या बाई फार मवाळ बोलतात. एक काळजी चिठ्ठीवर लिहायची, आसनाखाली सारायची आणि वीस मिनिटं श्वास मोजायचे. चिठ्ठ्या त्या घेऊन जातात. ताकीद एकच, पण तीनदा दिली: काळजी लिहा, माणूस लिहू नका.
मी लिहिलं, ‘कानातला आरडाओरडा’. उठलो तेव्हा कान शांत.

मंगळवार, १२
काल ‘आईच्या गुडघ्यांची काळजी’ लिहिली. आज ताईचा फोन. म्हणाली, आईची साधी चौकशी नाही, ध्यानाला बसतोस की बधिर व्हायला? हसू आलं. आई आठवते, काळजी तेवढी उरली नाही. चिमणी मात्र खोकतेय.

बुधवार, १३
चिमणीला सणकून ताप. खालच्या काकू म्हणाल्या, उतरेपर्यंत माझ्याकडे राहू दे. वर्गाला पोचलो तर घंटा वाजलेली. घाईत ‘चिमणी’ एवढंच लिहिलं. बसल्यावर चूक लक्षात आली, पण मध्येच उठायचं नसतं.

गुरुवार, १४
इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. जिन्यात काकूंनी विचारलं, लेकीला बघायला येत नाही का? कुणाची लेक? चेष्टेखोर दिसतात बाई.
घरी मोरीत दातांचा छोटा ब्रश. दाराशी लहान बूट. मी तर एकटा राहतो.

शुक्रवार, १५
अर्ध्या दिवसात घरी आलो. बूट तिथेच. मागची पानं वाचली. अक्षर माझंच. चिमणी कोण?
ध्यानाच्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, चिठ्ठी परत मिळत नाही.

पावणेपाच
काकू दाराशी येऊन गेल्या. थट्टा पुरे म्हणाल्या, ताप उतरलाय, पाचला वर पाठवते. मी दार लावून घेतलं.

पाच
तिच्याकडे किल्ली आहे. मीच लिहिलंय.
जिन्यात हलकी पावलं — खोकला —
बेल नाही. कुलूप फिरतंय. आतून कडी लावायला —