घडीची भिंत

टिळकवाडी, मंगळवार, संध्याकाळ

वाचणाऱ्यांना शांतता मिळावी, बोलणाऱ्यांनाही जागा असावी, म्हणून वाचनालयाच्या एकुलत्या दालनात घडीची लाकडी भिंत मीच सुचवली. विठू सुतारानं ती सागवानात सुबक केली. आज व्याख्यानाला उचगावच्या महारवाड्यातली चार माणसं आली. चिटणिसांनी लगेच ती भिंत ओढली. "पलीकडून ऐका," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुमची भिंत लई कामाला आली बघा."

मी हसलो. का हसलो?

विठू मात्र उठला. "माणसं तोडायला केली न्हवती ही, अण्णा," एवढंच चिटणिसांना म्हणाला आणि पलीकडे जाऊन त्या चौघांशेजारी बसला. व्याख्यान संपेपर्यंत मी पुढच्या रांगेतली खुर्ची सोडली नाही.