खंडेनवमीचं तेल

हसनाबाद, आश्विन वद्य २, शके १८६०

तीर्थस्वरूप दादांस, धाकट्या भुजंगचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. इकडं सगळे खुशाल, मोटार सोडून.

आईला जालन्याला न्यायला माझ्या मालकांनी, काकासाहेबांनी, त्यांची मोटार दिली, हे मागं कळवलंच होतं. मोतीबिंदूचे डॉक्टर वसूबारसेला एकच दिवस येणार, मंग थेट उन्हाळ्यात. अन् ही बया दसऱ्यापासून बिलकुल चालू होईना! दोन वर्षं मीच हाकून राह्यलो, कधी असं केलं न्हाई. पेट्रोल बराबर येतंय. कार्बुरेटर खोलून फुंकला, प्लग घासले. हँडल फिरवू फिरवू तळहाताला फोड आले. आळीतले लोक रोज ढकलू लागतात अन् वरून हसतात.

आई म्हणते, मोटार असली तरच येते, बैलगाडीत पाय ठेवणार न्हाई. आता ती मला आवाजावरून ओळखते, दादा. तुम्ही जिनिंगच्या इंजिनावर मिस्त्री, तुम्हीच काय ते सांगा. मी रडकुंडीला आलो.

जल्दी उत्तर टाका. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपला, भुजंग

जुना जालना, आश्विन वद्य ५

चि. भुजंगास पुंजारामचे अनेक आशीर्वाद वि. वि.

हंगाम तोंडावर आलाय, मालक सुटी देईना, न्हाईतर मीच आलो असतो. पेट्रोल येतं पण पेटत न्हाई, म्हंजी ठिणगी न्हाई. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या क्लिपा काढून टोपी उचल. आत दोन बारीक टिकल्या उघडमीट करतात. तिथं तेलाचा थेंब बी चालत न्हाई. 'दसऱ्यापासून' वाचलं अन् मला शंका आली. खंडेनवमीला मोटारीला अभ्यंगस्नान घातलं का रे शहाण्या? टिकल्या पुसून कोरड्या कर. हे पत्र घरात मोठ्यानं वाच, म्हंजी पुन्हा कोणी असली पूजा करणार न्हाई.

रागावलो तरी लोभ आहेच.

तुझा दादा

हसनाबाद, आश्विन वद्य ८

तीर्थस्वरूप दादांस सा. नमस्कार वि. वि.

तुमचं बराबर निघालं. पूजेसाठी टोपी मीच काढून ठेवली होती, आईनं चाचपत आतपर्यंत तेल-हळद लावली. काल पुसलं, अन् हँडल अर्धं फिरतंय तोच मोटार धडधडली. मी तर नाचलोच! आज सकाळी पुन्हा मुकी. टोपी उचलली तर आत तेल, ताजं! हे काय भूत आहे का काय? चिडून चाकाला लाथ हाणली, आता पाय बी दुखून राह्यला. चार दिवस उरले, दादा.

लोभ करता तसाच करत राहा.

भुजंग

हसनाबाद, आश्विन वद्य ९

चि. पुंजारामास आईचे उदंड आशीर्वाद. हे बद्रीनाथ मास्तरांकडून लिहून घेतेय. भुजंगला सांगू नको.

खंडेनवमीला तेल लावलं ते भक्तीनं. दुसऱ्यांदा मी मुद्दाम टाकलं. भुजंगनं तुझं पत्र वाचलं तवा कळलं, एका थेंबानं मोटार थांबते. मंग क्लिपा चाचपून काढल्या.

डोळ्याला चाकू लावणार, पोरा. मला लय भेव वाटतंय. आज निदान उजेड-अंधार तरी कळतो, तो बी गेला तर? एवढी म्हातारी झाले, लेकापुढं भेव कसं बोलू? पण काल भुजंगचा हात हातात घेतला, सगळे फोड फुटलेत. तवापासून घास उतरत न्हाई.

त्यानं मोटार पुन्हा पुसलीय. आता मी तिकडं फिरकणार न्हाई, बारसेला येते. तू मालकाला सांग, तासभर दुसरा कोणी इंजिन सांभाळेल. डॉक्टर पट्टी बांधंस्तोवर माझा हात धरून बस. तू दवाखान्याच्या दारात दिसला न्हाई तर, म्हंजी तुझा आवाज आला न्हाई तर, मी मोटारीतून उतरणार न्हाई.

जास्त काय लिहवू.

तुळजाबाईचा अंगठा