वळणापर्यंतचा कठडा

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी ठीक नाही. पुढच्या महिन्यात नगरपालिकेची हिशेबाची जाहीर सभा आहे. वर्षभरात कुठलं काम केलं, किती खर्च झाला, हे वाचून दाखवायचं आणि गावातल्या कुणीही विचारलं तर उभं राहून उत्तर द्यायचं. बांधकाम समितीचा सभापती म्हणून उभा मी राहणार. शाळेत जन्मभर मी प्रश्न विचारले, उत्तरं द्यायची सवयच नाही. जेवताना पानावरून दोनदा उठतो, म्हणून घरात बोलणी खातो.

कामं मी स्वतः फिरून पाहिली. गटारं, वाचनालयाचं छप्पर, चढावरच्या पायऱ्यांचे कठडे. फक्त आईच्या गल्लीत गेलो नाही. निवडून आलो तेव्हाच लोक बोलायला लागले होते की आता सभापतीच्या आईच्या दारात आधी सगळं होणार. म्हणून भर सभेत सांगितलं होतं, की मुदत संपेपर्यंत त्या गल्लीत पाऊल टाकणार नाही. शब्द पाळतोय. आई दर रविवारी आमच्याकडे येते, तेव्हा भेट होतेच. तिथला कठडा पूर्ण झाल्याचा इंजिनियरचा दाखला आणि फोटो पाहून सही केली आहे.

तू गावोगावच्या पालिकांचे हिशेब तपासत फिरतेस. सभेत लोक काय विचारतात ते कळव, म्हणजे तयारी करतो.

लोभ आहेच, तो सभेनंतरही टिकावा एवढंच मागणं.

तुझा,
मास्तर

*

११ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आलंय म्हणून हसू नकोस. उजवा हात बांधलेला आहे, डाव्याने लिहिते आहे. आपल्या गल्लीच्या पायऱ्यांवरून घसरले, मनगट मुरगळलं. मोडलेलं नाही. मास्तरला कपाटाचं दार लागलं असं सांगितलंय, तूही तेच सांग.

अगं, कठडा खालून वळणापर्यंतच लावलाय. रस्त्यावरून फोटो काढला तर देखणा दिसतो. वळणाच्या वर एक खांबसुद्धा नाही. कंत्राटदाराची माणसं सामान आणायला म्हणून गेली ती गेलीच. वर पाण्याचा पाइप गळतो, पायऱ्यांना शेवाळ धरलंय. मी आपली भिंतीला हात लावून उतरते.

शेजारच्या शिंपीणबाई म्हणतात, तुमचाच मुलगा सभापती, सांगा की. बाकीचे म्हणतात, त्याची आईच गप्प आहे तर आपण कशाला बोला. मी सांगितलं तर आईसाठी काम केलं म्हणतील, आणि न बघता सही केली हे फुटलं तर त्याची छी थू होईल. त्याला अजिबात कळवायचं नाही. तुला लिहिलं, कारण कुणालातरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

माया किती ते तुला ठाऊक आहे. हात दुखतो, म्हणून इथेच थांबते.

आई

*

१७ फेब्रुवारी

चि. मास्तरांस,
अ. उ. आ.

आमच्या कामातली माझी एक खोड सांगते. कुठल्याही पालिकेत गेले की साहेब हौसेने जी कामं दाखवतात ती बघते, त्यांचा चहा घेते, आणि मग विचारते की तुम्ही स्वतः कुठे गेला नाहीत. तिथे मी पहिली जाते. कंत्राटदारांना ती जागा माझ्याही आधी ठाऊक असते. तुझा शब्द सगळ्या गावाने ऐकला, तसा त्यांनीही ऐकलाय.

पत्र मिळताच आईच्या गल्लीत जा, आणि पार वरपर्यंत जा. लहानपणी तू जेवणार नाही म्हणून अडून बसायचास आणि तुझ्यासाठी आई उपाशी राहायची. तो हट्ट अजून गेलेला दिसत नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि त्यानेच जीव टांगणीला लागलाय.

आशीर्वाद नेहमीचेच, ऐकलंस तर दुप्पट.

ताई

*

२२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शंका रास्त आहे. पण दाखला आहे, फोटो आहे. सभेच्या तोंडावर मी तिथे दिसलो तर इतके दिवस पाळलेला शब्द पाण्यात जाईल. सभा झाली की जाईन. आईच्या हाताला कपाटाचं दार लागलंय. सुताराला पाठवतो म्हटलं तर नकोच म्हणाली.

रागावू नकोस, सभेपुरता तरी धीर दे.

मास्तर

*

२७ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं गुपित सांभाळतेय, पण घास गोड लागत नाही. त्याला आडून सुचवलं, तो ढिम्म हलत नाही. आता उघड लिहिलं तर तो गुपचूप कठडा लावून घेईल, खोटा दाखला देणारे मोकळे सुटतील, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाची गल्ली असेल. गप्प बसलो तर येत्या रविवारी तू पुन्हा त्याच पायऱ्या उतरशील. दर वेळी मनगटावर निभावेल असं नाही, आई.

आईने बोलायचं नाही म्हणतेस, तर आई म्हणून बोलू नकोस. घरपट्टी तूही भरतेस. पालिकेत जाऊन प्रश्न नोंदव आणि सभेत विचार. हे जमणार नसेल तर सभेच्या आधी कळव. मग तुझा शब्द मोडून मी त्याला सगळं लिहीन.

माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

थोरली

*

१२ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सभा झाली. हॉल भरला होता. छपरावर प्रश्न आले, गटारांवर आले, मी निभावून नेले आणि मनातून जरा फुशारलोही. मग कारकुनाने पुढचं नाव पुकारलं आणि आई उठली. बांधलेला हात छातीशी धरून माईकपाशी आली. मला अहो-जाहो केलं. कठडा पूर्ण झाल्याचं वाचलंत, तो कुठपर्यंत आहे, असं विचारलं. मी कागद बघून वरपर्यंत म्हटलं. तुम्ही पाहिलात का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तो वळणापर्यंतच आहे, एवढं सांगून ती जागेवर जाऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच सहन होईना.

मला पुढचा कागद वाचता आला नाही. मी सांगितलं की न पाहता सही केली, दाखला खोटा आहे, पैसे कंत्राटदाराकडून वसूल करा, चौकशी इंजिनियरची करा तशी माझीही करा, आणि तोवर मी सभापती राहत नाही. मागून कुणीतरी विचारलं, की हे कळायला आईला उठावं लागलं का.

नंतर तिच्याबरोबर गल्लीत गेलो. ती डाव्या हाताने कठडा धरून चढत होती. वळणावर तो संपला तसा तिने न बघताच हात भिंतीवर नेला. तिथून तिच्या दारापर्यंत भिंतीवर, बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर, काळपट पट्टा उमटलाय. ताई, इतके रविवार ती अशी उतरून माझ्याकडे येत होती आणि मी घरात बसून शब्द पाळत होतो. मला रडू फुटलं, तिथेच पायरीवर बसलो. ती म्हणाली की ऊठ, पायरी ओली आहे.

चौकशी सुरू झाली आहे. कठडा रीतसर मंजुरीने लागेल. घाई करायची नाही असं तिनेच बजावलं. तोवर रविवारी मी वर जातो. काल गेलो तर तिने विचारलं, की गळक्या पाइपचा प्रश्न पुढच्या सभेसाठी आतापासून नोंदवून ठेवता येतो का. नवा सभापती कोण होईल ते ठाऊक नाही, पण मला त्याची आत्ताच दया येते.

लोभ ठेव, आणि यापुढे आडून लिहू नकोस.

तुझा,
मास्तर