सह्याद्रीचा वाघ, मुक्काम जे. पी. नगर

३ डिसेंबर. सकाळी ७
सीमाप्रश्न पेटला. बसेस बंद. आता गप्प बसणं म्हणजे पाप. 'सह्याद्रीचा वाघ' नावाने अकाउंट काढलं. लोकेशन पुणे. बंगळुरात आयटीची नोकरी वाघाला शोभत नाही. पहिली गर्जना टाकली : 'मागे हटेल तो मराठी नव्हे!'
सुखदा म्हणाली, दूध संपलंय. बायकोला इतिहास कळत नाही.

४ डिसेंबर
अकराशे लाइक्स! पुण्याला बाबांना फोन करून सांगितलं. घरमालक विश्वासराव खाली राहतात. घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथलं, आणि मराठी काय, तर 'स्वल्प थांबा, सरी?' 'थोडं' आणि 'बरं का' दोन्ही कानडीतून. असल्या बाटग्यांमुळेच ही वेळ आली. त्यांच्यावर पोस्ट टाकली. नाव घेतलं नाही. घर चांगलं आहे.

८ डिसेंबर
विश्वासरावांचा भाचा गिरीराज. बेळगावात वह्यापुस्तकांचं दुकान. त्याने माझी गर्जना दुकानाच्या फळ्यावर लिहिली. ऊर भरून आला.
पण दुकानाला कुलूप लागलंय. पोलीस तीन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बसवतायत. मूळ लिहिणारा कोण, सांग. विश्वासराव म्हणाले, तो वाघ पुढे आला तर भाचा सुटेल. मी म्हणालो, असल्या वाघांना फटकेच हवेत.

९ डिसेंबर
विश्वासराव वर आले. तुम्ही कंप्युटरवाले, वाघाचा पत्ता काढा म्हणाले. दोन तास शोधल्यासारखं केलं. पुणे, एवढंच कळतं म्हणालो. एवढ्या मोठ्या गावात म्हातारा कुठे शोधणार?
उद्या कबूल करायचं. नक्की.

१० डिसेंबर
कबूल करायला खाली गेलो, तर विश्वासराव बॅग भरून तयार. वय बहात्तर. रेल्वेने पुण्याला निघालेत, वाघाला शोधायला. एवढ्या उत्साहाच्या माणसाचा हिरमोड कशाला करा? बॅग रिक्षापर्यंत मी उचलली. संस्कार!
सुखदाने त्यांना उतरायला माझ्या आईबाबांचा पत्ता दिला. माझ्याशी बोलत नाही. कारण कळत नाही.

११ डिसेंबर
अकाउंट डिलीट केलं. वाघ दबा धरतो, त्याला माघार म्हणत नाहीत.

१२ डिसेंबर. सकाळी १०
बाबांचा फोन. विश्वासराव फार सज्जन म्हणाले. चहाला वाघाचा विषय निघाला, तर बाबांनी छाती फुगवून सांगून टाकलं, अहो तो आमचाच अजिंक्य!
मग विश्वासराव फोनवर आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, उद्या बेळगावच्या चौकीत या, मीही येतो. वाक्य माझं आहे, एवढंच सांगा. स्वल्प धैर्य करा, सरी?

१०.४०
सुखदाने माझी बॅग दाराशी ठेवलीय. मी बाथरूममध्ये आहे. कडी आतून लावलीय. ती बाहेरून सांगतेय, रिक्षा आली. नळ सोडून ठेवलाय, म्हणजे ऐकू आलं नाही म्हणता येईल.