सगळं बंद करून पाहिलं

२ मे
ऑनलाइन गेममध्ये पुन्हा हरलो. दोष माझा नाही, हे टीममध्ये कोणीतरी मान्य करायला हवं. ऐन हल्ल्याच्या वेळी माझा कॉम्प्युटर अडकला आणि चित्र हललं तेव्हा मी मेलेलो होतो. इस्को म्हणाला, अरे नोनोय, तुझा कॉम्प्युटर बरोबर मरायच्या वेळीच कसा रे अडकतो? इस्को दिवसभर ट्रायसिकल रिक्षा चालवतो, त्याला यातलं काय कळणार. पण कॅप्टन तो आहे. गावात सान इसिद्रो संताच्या जत्रेत गेमची स्पर्धा आहे. तोवर सुधारलो नाही तर माझ्या जागी त्याचा मेहुणा.

३ मे
रोग सापडला. गेम चालू असताना मागे गुपचूप बावीस प्रोग्राम चालतात. सगळे फुकटे. आजपासून एकेकाला हाकलणार. प्रिंटरचा प्रोग्राम बंद. (प्रिंटर मागच्या वादळात वाहून गेला.) हवामानाचा बंद. सासूबाईंचा कराओके बंद.

संध्याकाळी. सासूबाई म्हणाल्या, मागे बसून नुसतं खाणाऱ्यांनाच बंद करायचं असेल तर जावईबापू, स्वतःपासून सुरुवात करा. दुर्लक्ष केलं.

५ मे
व्हायरस पकडणारा प्रोग्राम बंद. उगाच संशयी स्वभावाचा होता.

६ मे
व्हायरस आला. दिवस वाया.

८ मे
उरला एकच, आणि सगळ्यात जास्त खाणारा तोच. लिंडाचा व्हिडिओ कॉल. बायको तिकडे तैवानमध्ये एका आजीबाईंची देखभाल करते. त्यांच्या उशाशी फोन टेकवून ठेवते आणि इकडे माझा कॅमेरा सकाळपासून झोपेपर्यंत चालू. बोलणं फारसं नसतंच. कॉल जरा कमी करू या का, असं सहज विचारलं. म्हणाली, नको रे. तू आणि मागचं स्वयंपाकघराचं दार दिसलं की माझा दिवस जातो.

बंद केला नाही. इतका निर्दय मी नाही. शिवाय जूनमध्ये तिचा करार संपतोय, मग ती घरीच. त्याआधी पन्हाळी दुरुस्त करायची आहे. काहीतरी महत्त्वाचं विचारायचंय म्हणत होती. म्हटलं, स्पर्धा होऊ दे.

९ मे
नामी युक्ती. स्वतःचं रेकॉर्डिंग केलं. मी बसलोय, डोकं खाजवतोय, पाणी पितोय, मग समजूतदारपणे मान डोलावतोय. कॅमेऱ्याऐवजी तिला तेच फिरून फिरून दिसत राहील. तिचा आवाजही बंद केला, आवाजसुद्धा मेमरी खातो. जेवताना खरा मी असेनच. हे सगळं तिच्यासाठीच. जिंकलो तर तांदळाचं पोतं आहे.

११ मे
गेम लोण्यासारखा चालला. हरलो, पण लोण्यासारखा.

१२ मे
सराव वाढवला. जेवणही कीबोर्डशीच, म्हणजे जेवतानाही रेकॉर्डिंगच लावावं लागलं. सासूबाईंना म्हटलं, लिंडाला सांगू नका. म्हणाल्या, मी कशाला सांगू? तुमच्यापेक्षा तो बरा. निदान समोरचा बोलला की मान तरी डोलावतो.

१५ मे
जत्रा. बास्केटबॉलच्या कोर्टवर अख्खं गाव. स्पर्धेचे कॉम्प्युटर नवेकोरे, मागे एकही प्रोग्राम चालू नाही. चित्र एकदाही अडकलं नाही. त्यामुळे मी कसा मेलो ते सगळ्यांना नीट दिसलं. पहिल्याच फेरीत बाहेर. इस्को मेहुण्याला घेऊन भाजलेलं डुक्कर खायला गेला. खुर्ची फार खाली होती.

१५ मे, घरी आल्यावर
खरा कॅमेरा लावला, खरा आवाज. लिंडाचे डोळे सुजलेले. म्हणाली, सही केली आज.

कसली, विचारलं.

म्हणाली, असं काय करतोस? परवा विचारलं नाही का, मालकीणबाई अजून तीन वर्षांसाठी मागतायत, राहू का? मला वाटलं होतं तू म्हणशील, नको, ये घरी. तू पाणी प्यायलास आणि मान डोलावलीस. म्हटलं, नीट ऐकलं नसशील. परत विचारलं, परत डोलावलीस. मग रडतच विचारलं, नोनोय, खरंच राहू? तरी तसाच शांत. म्हटलं, याचं मन पक्कं आहे, आपणही करावं.

तो मी नव्हतो, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मग तू कुठे होतास, असं ती विचारणार. मी शेजारीच होतो. हरत होतो.

तीन वर्षं. पन्हाळीची आता घाई नाही.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, जमेल ना रे तुला माझ्याशिवाय? मी पाणी प्यायलो आणि मान डोलावली.