अक्काचं उरलेलं रक्त

जानेफळ, शुक्रवार, ८ मार्च १९६८

संताप अजून उतरत नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेतला डॉक्टर आला होता, माझं रक्त मागायला. कॅन्सरची खूण रक्तात आधीच दिसते का, ते शोधतात म्हणे.
"तुमच्या बहिणीच्या रक्ताशी ताडून पाहायचंय."
"अक्का जाऊन वर्ष झालं."
"त्यांचं रक्त आहे ना आमच्याकडे, कॅन्सरच्या उपचारात घेतलेलं, गोठवलेलं. थोडं थोडं काढून तपासतो."
आम्हाला न विचारता! आम्ही अस्थीसुद्धा विसर्जित केल्या, आणि ती तिथे बर्फात?
अक्काच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नव्हता. मी हसले होते. कॉन्व्हेंटात शिकलेली ना मी! शेजारची सखू चिडली, "हासता काऊन बाई? अक्काचा जीव कुठीतरी अडकून राह्यला." शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.
आज हसू आलं नाही. अर्धी इथे, अर्धी तिथे; कावळ्यानं तरी शिवावं कसं?
मी हात पुढे केला. ती खूण माझ्यातही असेल, तर कळू दे. पण नळी भरल्यावर डॉक्टरला बजावलं, "अक्काचा शेवटचा थेंब संपेल, त्या दिवशी मला तार करा. पिंड पुन्हा ठेवायचाय."